झाडू, तुळस आणि एका दिवसाचा महाराजा

दिवाळी आली की आपण घर झाडतो, जळमटं काढतो, माळ्यावरची अडगळ खाली काढतो. हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण घराची दिवाळी आपण करतो, गावाची दिवाळी कोण करतं? नालीच्या काठावर साचलेला कचरा, दोन घरांच्या मधल्या बोळीतलं घाण पाणी, पडक्या घराच्या जागेवर झालेला उकिरडा, हे कोणाचं? ‘नगरपालिका पाहून घेईल’ असं म्हणून आपण फाटक लावून घेतो.

१९१७ सालची गोष्ट आहे. इंदूरला होळकरांचं राज्य होतं. शहरात प्लेगनं थैमान घातलं होतं. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी शहराची पाहणी करायला एक साहेब बोलावला होता. वय साठीच्या पुढे, विस्कटलेले केस, दाढी वाढलेली. हा साहेब नकाशे घेऊन भल्या पहाटे गल्लीबोळातून हिंडायचा. लोक त्याला पाहून बाजूला व्हायचे, बोटं दाखवायचे. लोकांना वाटे, हा येऊन गेला की घरं पाडायची नोटीस येते. हाच प्लेग आणणारा म्हातारा साहेब!

त्याला हे कळलं तेव्हा तो रागावला नाही. तो महाराजांकडे गेला आणि म्हणाला, मला एका दिवसापुरतं महाराज करा. महाराजांनी मान्य केलं. मग गावभर दवंडी पिटली. या वर्षी दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मानाच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या भागातल्या लोकांनी आपली घरं, अंगणं, गल्ल्या सर्वांत चांगल्या झाडल्या-सारवल्या, दुरुस्त केल्या, त्याच भागातून ती जाणार! घरातला कचरा फुकटात उचलून नेण्यासाठी गाड्या ठेवल्या गेल्या. उंदीर पकडायचे पिंजरे वाटले गेले.

काय सांगू! आपल्याच गल्लीतून मिरवणूक जावी म्हणून मोहल्ले एकमेकांशी चढाओढ करू लागले. हजारो गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. दिवाळीला मिरवणूक निघाली. हत्ती, उंट, घोडेस्वार होतेच. अस्वच्छतेचा एक भला मोठा राक्षस केला होता, प्लेगचा एक प्रचंड उंदीर केला होता. आणि त्यांच्या मागे कोण होतं माहीत आहे? शहरातले सफाई कामगार. नवे पांढरे कपडे, हातात नवे झाडू, गळ्यात फुलांच्या माळा. ज्यांची सावली लोक टाळायचे, त्यांना त्या दिवशी मिरवणुकीत मानाची जागा होती. त्यामागे लक्ष्मीचा रथ. शेवटी माळ्यांच्या गाड्या, आणि त्यांवरून लोकांना वाटली जाणारी तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर दोघांना जाळलं.

या साहेबाचं नाव पॅट्रिक गेडिस. ब्रिटनमध्ये ‘लॅण्डस्केप आर्किटेक्ट’ हे बिरूद स्वतःच्या नावापुढे लावणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी हे एक. लॅण्डस्केप आर्किटेक्ट म्हणजे घराच्या बाहेरची जागा रचणारा. बाग, झाडं, पाणी, चौक, पायवाट, बसायची जागा, या सगळ्याची मांडणी करणारा. आपण म्हणतो ना, भिंतींनी घर होतं आणि अंगणानं घरपण येतं. तर हा अंगणाचा वास्तुविशारद.

गेडिसांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावचा. वडिलांनी लहानपणीच त्यांना बागकाम शिकवलं. पुढे ते वनस्पती-प्राण्यांचा अभ्यास करू लागले. हक्सलेंसारख्या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोला गेले असताना त्यांचे डोळे इतके बिघडले की कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत बसून काढावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास पाहणं आता जमणार नव्हतं. दुसरा असता तर खचला असता. गेडिसांनी काचेखालचं जग सोडलं आणि उघड्या डोळ्यांनी माणसांची वस्ती पाहायला घेतली. झाडाला जसं माती, पाणी, ऊन लागतं, तसं माणसाला काय लागतं, हा त्यांचा पुढचा अभ्यास झाला.

१८८६ साली ॲना मॉर्टन हिच्याशी त्यांचं लग्न झालं. ॲना लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी, संगीत शिकलेली. आणि या नवऱ्यानं तिला नेलं कुठं? एडिंबरा शहरातल्या जुन्या, दाटीवाटीच्या, घाण झालेल्या जेम्स कोर्ट नावाच्या वस्तीत! भल्या घरचे लोक जी वस्ती सोडून जात होते, तिथं हे दोघं मुद्दाम राहायला गेले. शेजाऱ्यांना भाषण दिलं नाही. आधी आपल्या खोल्या धुतल्या, रंगवल्या, खिडकीत फुलांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजारच्यांना हाताशी घेतलं, चौक साफ केला, भिंतींना चुना दिला. हळूहळू वस्तीचं रूप बदललं. त्यांची मुलगी नोरा १८८७ मध्ये जन्मली आणि अशाच वातावरणात वाढली.

मला या घरात सगळ्यांत आवडली ती ही नोरा. मोठी झाल्यावर तिनं वडिलांचं काम पुढे नेलं. १९०८ च्या सुमारास तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी एडिंबराच्या जुन्या वस्तीत पायी फिरून मोकळ्या पडलेल्या जागा मोजल्या. पडक्या घरांच्या जागा, भिंतीमागचे कोपरे, कचऱ्याचे ढीग. पंचाहत्तरच्या आसपास जागा निघाल्या, सगळ्या मिळून दहाएक एकर. म्हणजे ज्या गर्दीच्या भागात ‘जागाच नाही’ असं सगळे म्हणत होते, तिथं दहा एकर जागा होती. कोणी पाहिली नव्हती एवढंच! त्यातल्या काही जागांवर नोरानं बागा केल्या. वस्तीतली मुलं तिथं माती उकरायची, रोपं लावायची, खेळायची. त्यातल्या वेस्ट पोर्ट आणि जॉन्स्टन टेरेस इथल्या बागा शंभर वर्षांनंतर आजही टिकून आहेत. तिनं हे सगळं केलं, पण बापाच्या नावामागे तिचं नाव झाकलं गेलं. हे काही आपल्याला नवीन नाही, नाही का?

गेडिस १९१४ साली भारतात आले. येतानाच संकट. शहरांच्या नकाशांचं, चित्रांचं त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेलं प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं होतं. ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनं ते जहाज बुडवलं. आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाशी! विलायतेतल्या मित्रांनी धावपळ करून नवं साहित्य जमवून पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं सुद्धा.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या चाळीस-पन्नास गावा-शहरांची पाहणी केली. मुंबई इलाख्यातली ठाणे, वांद्रे, तसंच बडोदा, इंदूर, लाहोर, लखनौ आणि आपलं नागपूर. नागपूर म्हणजे आम्हा विदर्भातल्या लोकांची राजधानीच. आजारी माणसाला न्यायचं नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला. तिथल्या गल्ल्या एवढ्या आपुलकीनं पाहणारा साहेब येऊन गेला हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्या काळी सरकारी इंजिनिअरांची पद्धत ठरलेली होती. जुनी वस्ती घाण आहे ना, मग पाडा. मधून रुंद, सरळ रस्ता काढा. ज्यांची घरं गेली त्यांचं काय? ते गरीब लोक शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीत राहणार. म्हणजे एका गल्लीची घाण काढून दुसऱ्या गल्लीत टाकल्यासारखं झालं. गेडिस म्हणत, आधी रोग ओळखा, मग औषध द्या. आणि शस्त्रक्रिया करायचीच तर अंग शाबूत ठेवून करा. एखादं पडकं, ओसाड घर काढा, तिथं लहानसा चौक होईल. त्या चौकात एक झाड लावा, पार बांधा. विहीर असेल तर तिचा काठ दुरुस्त करा. बोळीचं एक कोपर जरासं कापलं की वारा खेळतो. बाकी घरांना हात लावू नका. यात माणसं उठत नाहीत, आणि खर्चही पाडापाडीपेक्षा कितीतरी कमी.

आपल्याला हे चटकन समजतं. जुनं लुगडं विरलं म्हणून आपण ते फेकून देत नाही. विरलेला भाग कापतो, चांगला ठेवतो, गोधडी शिवतो. गेडिसांनी गावाची गोधडी शिवायला सांगितली.

तलावांबद्दलही त्यांचं असंच. मलेरिया होतो म्हणून गावातले तलाव बुजवायचा सपाटा तेव्हा सुरू होता. गेडिस म्हणाले, डास होतात तर पाण्यात मासे सोडा, बदकं सोडा, ते अळ्या खातील. पण तलाव बुजवू नका, त्यानं गावात गारवा राहतो, विहिरींना पाणी राहतं. ज्यांनी उन्हाळ्यात टँकरमागे भांडी घेऊन धावपळ केली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि तुळस! दारातलं तुळशीवृंदावन पाहून हा माणूस थांबायचा. पुजेची गोष्ट म्हणून त्यानं ते सोडून दिलं नाही. ज्या घरची तुळस जोमात, त्या घरची बाई घर नीट राखते, हे त्यानं ओळखलं होतं. रोज पाणी घालणारा हात, सारवलेली जमीन, केर नसलेलं अंगण. तुळशीभोवतीची हातभर जागा हीच त्याला गावाच्या बागेची सुरुवात वाटली. गावाचं आरोग्य शेवटी घरातली बाई राखते, तिला बरोबर घेतल्याशिवाय कोणताही नकाशा कागदावरच राहील, अशी त्यांची खात्री होती. हां, यात बाईला अंगणापुरतंच पाहिलं अशीही तक्रार कोणी करील, आणि ती अगदी खोटीही नाही. नकाशे काढणाऱ्या टेबलाशी बाईची खुर्ची त्यांनी तेव्हा मागितलेली दिसत नाही. ती आपल्याला आता मागायची आहे.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र असा नवा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक गेडिस. बी.ए.ला माझा समाजशास्त्र विषय होता. गो. स. घुर्ये हे नाव आम्ही पाठ केलं होतं, भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून. हे मालवणचे घुर्ये विलायतेला शिकायला गेले ते गेडिसांच्या शिफारशीनं, आणि १९२४ मध्ये त्यांच्यानंतर विभाग सांभाळू लागले. म्हणजे आमच्या पाठ्यपुस्तकाचं मूळ असं या बागवान माणसापाशी जाऊन पोचतं!

हे सगळं चालू असताना या माणसाच्या घरी काय घडत होतं? १९१७ च्या एप्रिलमध्ये मोठा मुलगा ॲलास्डेर युद्धात फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ॲना तेव्हा इथं भारतात तापानं अंथरुणाला खिळली होती. तिला हा धक्का सोसणार नाही म्हणून गेडिसांनी बातमी दडवली. मुलाची आधी आलेली पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. दोन महिन्यांत ती गेली, मुलगा गेल्याचं कळण्याआधीच. आणि त्याच वर्षीच्या दिवाळीत इंदूरची ती मिरवणूक निघाली. बायको आणि मुलगा गेलेला माणूस दुसऱ्यांच्या गल्लीत रोगराई येऊ नये म्हणून झाडू वाटत होता, तुळस वाटत होता. हे वाचल्यापासून मला त्या मिरवणुकीची नुसती गंमत वाटत नाही.

पुढे त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला, १९२५ साली. १९३२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला फ्रान्समधल्या माँपेलिए इथं ते वारले. भारतातले त्यांचे बहुतेक अहवाल फडताळात पडून राहिले. ते जगासमोर आणले एका बाईनं. जॅकलिन टिरव्हिट हिनं. ही स्वतः बागकाम शिकून नगररचनेत आलेली. १९४७ साली तिनं गेडिसांच्या भारतातल्या अहवालांतले निवडक भाग पुस्तकरूपानं काढले आणि मग जगभरचे नगररचनाकार ते वाचू लागले. इकडे इंदूरनं २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेचा पहिला नंबर मिळवला. त्याचं श्रेय मी शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाला देत नाही, ते तिथल्या आजच्या लोकांचं आणि सफाई कामगारांचं. पण मोहल्ल्यांची चढाओढ त्या शहराला जुनीच ओळखीची आहे, एवढं मात्र खरं.

आता तुम्ही म्हणाल, कुठं इंदूर, कुठं एडिंबरा आणि कुठं आमचं घाटंजी! वाघाडी नदीच्या काठचं तालुक्याचं गाव. कापसाचा बाजार, आठवड्याचा बाजार, बसस्टँड. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात. पण मला उलट वाटतं. मोठ्या शहरात बाग करायला तज्ज्ञ येतात. आपल्यासारख्या गावाला तज्ज्ञ कोण पाठवतो? आपल्यालाच पाहावं लागतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटातल्या आम्ही सहा जणींनी नोरासारखं केलं. एक वही घेतली आणि चार रविवार सकाळी गावातून पायी फिरलो. नोंदी फक्त तीनच. सावली कुठं आहे? पाणी कुठं आहे? बाईला बसायला जागा कुठं आहे?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसऱ्याला आम्ही अडलो. पुरुषांना पानठेला आहे, चहाची टपरी आहे, चौकातला ओटा आहे. बाईला देवळाची पायरी, नाहीतर दवाखान्याचं बाकडं. म्हणजे देवाचं काम असलं किंवा दुखणं असलं तरच तिनं बाहेर बसायचं! ले-आउटमधल्या ‘ओपन स्पेस’ नकाशात बगीचा म्हणून दाखवलेल्या, प्रत्यक्षात तिथं काटेरी झुडपं, प्लास्टिक आणि डुकरं. एका ठिकाणी सुधारणा झाली होती, तर सगळीकडे गट्टू बसवलेले. जुन्या कडुलिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट. पाणी मुरणार कुठून आणि झाड जगणार कसं?

आम्ही तिथं उभ्या राहून बाकड्यांचं बोलत होतो, तर समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या. म्हणाल्या, “बाई, बाकडं मंग पाह्यजा वो. पहिले सावली पाह्यजे. तापलेल्या बाकड्यावर कोन बसते?” गेडिसांनी मोठाल्या अहवालांत जे लिहिलं ते आजींनी एका वाक्यात सांगितलं. आधी माणसाला काय लागतं ते पाहा.

एका कार्यालयात अर्ज दिला, तिथून महिनाभर उत्तर नाही. परत गेलो, परत अर्ज. तिसऱ्या वेळी मात्र कडुलिंबाभोवतीचे गट्टू हात-दीड हात काढून आळं करायची परवानगी मिळाली. पावसाळ्यात ओपन स्पेसच्या कडेनं करंज, कडुलिंब, बेल अशी अकरा झाडं लावली. दोन बकऱ्यांनी खाल्ली, दोन वाळली, सात जगली. ज्या घरासमोर झाड, त्या घरच्या सुनेनं पाणी घालायचं असं ठरलं होतं. एका सासूबाईंनी विचारलं, “काहून वो, झाड गावाचं अन्‌ पानी माह्या सुनंनं घालाचं?” प्रश्न काही चुकीचा नव्हता. म्हणून आता मुलगे, नातू, सगळ्यांच्या पाळ्या लावल्या आहेत. भिंतीवर कागद चिकटवला आहे. बाकडी अजून मिळाली नाहीत. अर्ज पुन्हा दिला आहे.

काम लहान आहे, मला माहीत आहे. पण गेडिसांचं सगळं सांगणंच लहान कामाचं होतं. १९१९ साली डंडी इथल्या कॉलेजातून निवृत्त होताना त्यांनी विद्यार्थ्यांपुढे जे भाषण केलं, त्याचा गाभा असा की माणसाचं जगणं पैशावर चालत नाही, झाडाच्या हिरव्या पानावर चालतं. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस हे बोलत होता.

तुमच्या गावातही अशी जागा असेल. तुम्ही रोज तिच्यावरून जात असाल. या रविवारी दोघी-तिघी मिळून निघा. वही-पेन घ्या, उन्हाच्या आत निघा. सावली, पाणी आणि बसायची जागा, एवढंच लिहा. जुनी विहीर बुजवायच्या बेतात असेल तर तेही लिहा. झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडलं असेल तर तेही. ज्या ताई रोज सकाळी आपली गल्ली झाडतात, त्यांना आधी विचारा, कारण गावाची नस त्यांच्याइतकी कोणाला माहीत नसते. मग तो कागद घेऊन नगरपरिषदेत जा, ग्रामसभेत जा. एकटी जाऊ नका, चौघी जा. आणि कोणी म्हणालं की गावात जागाच नाही, तर त्यांना वही दाखवा.